बरा न होणारा आजार आणि नोकरी : मालक, व्यवस्थापक आणि एचआर यांचे वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून संध्याकाळी उशिरा येतात, ज्या दिवशी कुणीतरी केबिनचं दार लोटून घेऊन ‘रिपोर्ट आले’ असं सांगितलेलं असतं त्या दिवशी. प्रश्नांची भाषा शक्यतो जशी आली तशीच ठेवली आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘बरा न होणारा आजार’ म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे सगळे ‘लास्ट स्टेज’ म्हणताहेत.

उपचार चालू असले तरी जो मुळापासून जाणार नाही आणि ज्यातून मृत्यू ओढवेल असं डॉक्टरांचं मत आहे, तो आजार. शरीरात पसरलेला कर्करोग चटकन डोळ्यांसमोर येतो. पण मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूंचा आजार), निकामी होत चाललेलं हृदय किंवा फुप्फुसं हेही यातच मोडतं. ‘लास्ट स्टेज’ हा शब्द तेवढा ऑफिसातून हद्दपार करा. चौथ्या टप्प्यातल्या काही कर्करोगांत माणसं वर्षानुवर्षं कामावर येतात.

मालकाला आजाराच्या नावापेक्षा त्याची चाल कळलेली जास्त उपयोगी. कर्करोगात बरेचदा माणूस पुष्कळ काळ बऱ्यापैकी असतो आणि शेवटी शेवटी झपाट्याने खालावतो. हृदय किंवा फुप्फुसाच्या आजारात मध्येच भरती व्हावं लागतं, मग सुधारणा होते, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा एक पायरी खाली. मज्जातंतूंच्या आजारात एकेक क्षमता हळूहळू जाते. म्हणून पहिल्या प्रकारात दुसऱ्या कुणाला काम माहीत करून देण्याची तयारी लवकर लागते, दुसऱ्यात अचानक गैरहजेरी गृहीत धरून चालावं लागतं, आणि तिसऱ्यात साधनं व कामाची पद्धत सतत बदलत राहावी लागते.

२. तो समोर बसून सांगत होता आणि मला काही सुचेना. काय बोलायला हवं होतं?

फार थोडं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. आज कामाचं काहीही ठरवायचं नाही. सोमवारी पुन्हा बसू.’ एवढं पुरे. ‘काही होणार नाही तुला’, ‘तू लढवय्या आहेस’, ‘माझ्या मेव्हण्याला एका काढ्याने गुण आला’ ही तीन वाक्यं गिळून टाका. त्या दिवशी काहीच बोलता आलं नसेल तर दुसऱ्या दिवशी ‘काल मला शब्द सापडले नाहीत’ असं सांगायला हरकत नाही. माणसं त्याचा राग धरत नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा अशी बातमी ऐकली तेव्हा घाबरून रजेचे नियम सांगत सुटले होते. शेवटी समोरची बाईच मला धीर देऊन गेली.

३. आजाराचे सगळे रिपोर्ट मागायचे का?

नको. तुम्हाला निदान तपासायचं नाही, काम कसं जमेल हे ठरवायचं आहे. डॉक्टरांच्या पत्रात चार गोष्टी असल्या की भागतं: सध्या कोणतं काम करू नये, किती तास झेपतील, कोणत्या दिवशी उपचार आहेत आणि पुन्हा आढावा कधी घ्यायचा. विमा किंवा सरकारी लाभासाठी जास्त कागद लागतील, पण ते शक्यतो थेट त्या त्या ठिकाणी जावेत, विभागप्रमुखाच्या फायलीत नव्हे. दर महिन्याला ‘आजारी आहे’ असा नवा दाखला आणायला लावणं तर बंदच करा. हा आजार पुढच्या महिन्यात बरा झालेला असणार नाही.

४. टीमला सांगायचं की नाही? सगळे विचारताहेत.

ही माहिती तुमची नाही, त्यामुळे सांगण्याचा हक्कही तुमचा नाही. त्या व्यक्तीबरोबर बसून ठरवा: कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कुणी सांगायचं, कधी सांगायचं. ठरलेलं वाक्य शब्दशः लिहून घ्या, कारण तोंडी निरोप चौथ्या माणसापर्यंत पोहोचताना वेगळाच होतो. कुणालाच सांगू नका असं ठरलं तर विचारणाऱ्यांना ‘ते सध्या वेळा बदलून काम करताहेत, कारण त्यांचं त्यांना सांगू दे’ एवढंच उत्तर द्या. खोटं कारण रचू नका, पुढे ते निस्तरावं लागतं.

बातमी आधीच फुटली असेल तर ती फुटली हे त्या व्यक्तीला पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळायला हवं.

५. अजून किती दिवस आहेत हे कळल्याशिवाय आम्ही नियोजन कसं करायचं?

आकडा मिळाला तरी त्यावर नियोजन उभं राहत नाही. निकोलस क्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डॉक्टरांना ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल ‘किती काळ’ हे विचारलं होतं. सुमारे २० टक्के अंदाज बरोबर निघाले आणि ६३ टक्के प्रत्यक्षापेक्षा जास्त आशावादी. उलट बाजूही आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा (आतल्या अवयवांभोवतीच्या आवरणाचा कर्करोग) निघाला, ज्यात मध्यक आयुर्मान आठ महिने मानलं जात होतं. ते आणखी २० वर्षं जगले. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, आणि उरलेल्या निम्म्यांपैकी कोण कुठवर पोहोचेल हे तो आकडा सांगत नाही.

म्हणून कर्मचाऱ्याला हा प्रश्न विचारूच नका. त्याने आपण होऊन सांगितलं तर ऐका, पण कॅलेंडरवर मांडू नका. नियोजन चार ते सहा आठवड्यांचं करा आणि ते संपत आलं की पुढचं करा. मोठ्या प्रकल्पात ज्या कामाची माहिती फक्त त्यांनाच आहे, ती दुसऱ्या कुणाला तरी असू द्या. खरं म्हणजे हे कुणीही आजारी नसतानाच करून ठेवायचं काम होतं.

६. ‘पॅलिएटिव्ह केअर सुरू केली’ म्हणाले. म्हणजे आता आवराआवरीच ना?

नाही. वेदना, धाप, मळमळ, झोप, भीती यांवर केलेले हे उपचार आहेत, आणि ते मूळ आजाराच्या उपचारांबरोबरही चालतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ज्यांना ही काळजी सुरुवातीपासून मिळाली त्यांचं मध्यक आयुर्मान ११.६ महिने निघालं, इतरांचं ८.९. त्यांच्यात नैराश्याची लक्षणंही कमी होती. कामावर टिकण्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी समजा.

या शाखेचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं रुग्णालय, उघडलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, पैशाच्या काळजीचीही असते, असं त्या मानत. औषधं डॉक्टर देतील. पगार, रजा आणि विमा यांची धाकधूक मात्र तुमच्याच हातात आहे.

७. मी सांगितलं, ‘काम सोडा, घरी आराम करा.’ त्यांना वाईट वाटलं. चुकलं का माझं?

हेतू चुकला नाही, पण तो निर्णय तुमचा नव्हता. काहींना ऑफिसातले तास म्हणजे दिवसातली एकमेव जागा जिथे ते पेशंट नसतात. काहींना पगाराची निकड असते आणि ते बोलायला संकोच वाटतो. काहींना खरंच थांबायचं असतं, पण ‘तुमच्याशिवाय आमचं कसं होणार’ या प्रेमळ आग्रहात ते अडकतात. त्यापेक्षा विचारा: ‘पुढचा महिना कामाच्या बाबतीत कसा असावा असं वाटतं?’ आणि हाच प्रश्न दर महिन्याला विचारा. मार्चमध्ये दिलेलं उत्तर मेमध्ये लागू पडेलच असं नाही.

८. कामात नेमके कोणते बदल करता येतात?

या प्रश्नाला सगळ्यांना ‘घरून काम’ एवढंच सुचतं. ते उपयोगी आहे, पण सगळ्यांना नाही, आणि कारखान्यात तर अजिबात नाही.

सुरुवात थकव्यापासून करा. हा थकवा झोपेने जात नाही आणि बाहेरून दिसतही नाही. सकाळी तरतरीत असलेला माणूस दुपारी तीनला पार गळून जातो, तर महत्त्वाच्या बैठका सकाळी ठेवा. आडवं होता येईल अशी एक खोली, स्वच्छतागृहाजवळची जागा, दाराजवळ गाडी लावायची सोय, जिने टाळता येणं, गर्दीच्या वेळेआधी निघायची मुभा या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

मग उपचारांचं चक्र समजून घ्या. केमो दर तीन आठवड्यांनी असेल तर पहिले काही दिवस मळमळ आणि गळाठा असतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा सर्दी-खोकला असलेल्या माणसांपासून दूर ठेवा. तिसरा आठवडा बहुतेकांना बरा जातो. म्हणजे सरसकट रोज चार तास ठरवण्यापेक्षा पहिला आठवडा सुट्टी, दुसरा घरून आणि तिसरा पूर्णवेळ असा आराखडा जास्त खरा ठरतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या दिवसांत माणूस रात्री जागा असतो आणि दोन वाजता ईमेल पाठवतो. त्याला उत्तर सकाळी द्या.

सुरक्षिततेचं मात्र नीट पाहा. मॉर्फिनसारखी औषधं नुकतीच सुरू झाली असतील किंवा मात्रा बदलली असेल तर गाडी आणि यंत्रं चालवणं थांबवावं लागतं. आजार हाडांत पसरला असेल तर वजन उचलताना हाड मोडू शकतं. मेंदूत पसरला असेल तर झटक्यांचा धोका असतो, उंचीवरचं काम बंद. हे ठरवायला डॉक्टरांचं पत्र (प्रश्न ३) लागतं, तुमचा अंदाज नव्हे.

जे ठरेल ते एका पानावर लिहा आणि पुढच्या आढाव्याची तारीख टाका. नाहीतर व्यवस्थापक बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागतं, आणि सांगायची शक्ती तोवर कमी झालेली असते.

९. रजा संपली. आता काय?

आधी पगारपत्रकाकडे बघा, मग नियमाकडे. विशेष रजा, अर्ध्या पगारी रजा, सहकाऱ्यांनी आपली रजा दान करण्याची सोय, कमी तासांची नोकरी आणि अगदी शेवटी बिनपगारी रजा, या क्रमाने जा. उपचारांसाठीच्या गैरहजेऱ्या नेहमीच्या हजेरी-शिस्तीच्या मोजणीतून वगळा. सॉफ्टवेअर आपोआप ताकीदपत्र पाठवत असेल तर ते आजच बंद करा. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला ‘आपली हजेरी समाधानकारक नाही’ अशी मेल गेल्याचं मी एकदा पाहिलं आहे. ती कुणी लिहिलेली नव्हती, तरी माफी कुणालातरी मागावीच लागली.

एक खबरदारी: तास किंवा पगार कमी केल्याने विम्याची रक्कम, निवृत्तिवेतन किंवा कुटुंबाला मिळणारे लाभ घटतात का, हे सही घेण्याआधी तपासा आणि त्यांना आकड्यांत सांगा.

१०. ते स्वतःच राजीनामा देतो म्हणताहेत. स्वीकारू?

लगेच नको. या पानावरच्या सगळ्या उत्तरांत पैशाच्या दृष्टीने सर्वांत महाग चूक इथे होते. निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणूस ‘कुणावर ओझं नको’ म्हणून राजीनामा लिहितो. पण गटविमा आणि गट-आरोग्यविमा बहुतेक ठिकाणी नोकरीशी बांधलेले असतात. नोकरी गेली की तेही जातात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर मिळणारी रक्कम राजीनाम्यानंतर मिळत नाही. भारतातलं उदाहरण घ्या: ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेची अट आहे, पण मृत्यू किंवा अपंगत्वामुळे सेवा संपली तर ही अट लागत नाही. चार वर्षं झालेल्या माणसाने राजीनामा दिला तर तो ती गमावून बसू शकतो.

राजीनाम्याचा कागद हातात घ्या, पण त्यावर तारीख टाकू नका. एका पानावर दोन रकाने काढा: आज सोडलं तर काय मिळेल, नोकरीत राहिलात तर काय. तो कागद घरी न्यायला सांगा. काही आयुर्विमा पॉलिसींत आयुष्य साधारण वर्षभराचंच उरल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तर रक्कम जिवंतपणीच मिळते. हे कलम आहे का ते शोधून द्या, कारण त्यांच्यात ते शोधायचं त्राण नसतं. नामनिर्देशन अद्ययावत आहे का हेही याच बैठकीत विचारा. वीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी भरलेला नॉमिनीचा अर्ज तसाच पडून असतो. हे बघून झाल्यावरही त्यांना सोडायचंच असेल तर सन्मानाने सोडू द्या.

ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघाने ‘डाइंग टू वर्क’ नावाची मोहीम नेमकी याच मुद्द्यावर उभारली: मरणासन्न कामगाराला नोकरीतून बाहेर ढकललं जाऊ नये, म्हणजे त्याच्या कुटुंबाचे लाभ बुडणार नाहीत.

११. यंदा आम्ही गटविम्याची कंपनी बदलतोय. याच्याशी काही संबंध?

आहे, आणि तो फार उशिरा लक्षात येतो. बऱ्याच गटविम्यांत ‘संरक्षण सुरू होण्याच्या दिवशी कर्मचारी प्रत्यक्ष कामावर हजर हवा’ असं कलम असतं. कंपनी बदलण्याच्या दिवशी तुमचा आजारी माणूस रजेवर असेल तर तो नव्या विम्यातून गळू शकतो. करार करण्याआधी जुन्या सदस्यांना हे कलम लागू नाही असं लेखी घ्या. दलालाच्या ‘होईल हो साहेब’वर थांबू नका.

१२. कायदा काय सांगतो? त्यांना काढता येतं का?

देशागणिक वेगळं आहे, त्यामुळे स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. दिशा कळावी म्हणून थोडी उदाहरणं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात कर्करोग, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू व मज्जारज्जूचा आजार) निदानाच्या दिवसापासूनच अपंगत्वात धरले जातात. अमेरिकेत १९९० चा अपंगत्व कायदा वाजवी बदल करून द्यायला सांगतो आणि १९९३ चा रजा कायदा पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची बिनपगारी, नोकरी-सुरक्षित रजा देतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला त्या कारणासाठी काढता किंवा पदावनत करता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या करारात आजारामुळे तात्पुरती गैरहजेरी हे बडतर्फीचं वैध कारण मानलेलं नाही, मात्र तो स्वीकारलेल्या देशांनाच बंधनकारक आहे.

‘काढता येतं का’ याच्या आधी ‘काढल्याने नेमकं काय वाचतं’ याचा हिशेब मांडून बघा. बहुतेकदा रक्कम लहान निघते.

१३. कामात चुका होताहेत. ग्राहक तक्रार करतोय. बोलायचं की सहन करायचं?

बोलायचं. गप्प राहून त्यांच्या मागे कुणीतरी काम दुरुस्त करत राहणं हा अपमान त्यांना कधी ना कधी कळतोच. केमो आणि वेदनाशामकांनी एकाग्रता व स्मरणशक्ती मंदावते, तेव्हा ही शिस्तीची बाब नाही. दोघंच असताना, ठोस उदाहरण देऊन सांगा: ‘गेल्या दोन बिलांत आकडे चुकले. तपासायला दुसरं कुणी दिलं तर चालेल, की हे काम काही दिवस दुसरीकडे देऊ?’ कामगिरीचं वार्षिक मूल्यमापन या काळात बाजूला ठेवा.

१४. ते म्हणतात, ‘सहा महिन्यांत ठणठणीत होऊन येतो.’ आम्हाला माहीत आहे तसं होणार नाही. खरं सांगावं का?

तुम्ही डॉक्टर नाही. आशा मोडायची नाही आणि तिच्यावर शिक्काही मारायचा नाही. ‘तसं झालं तर उत्तमच. तोवर नसलात त्या दिवशी काम अडू नये म्हणून काय करून ठेवू?’ एकच माणूस सकाळी मृत्युपत्राबद्दल बोलतो आणि दुपारी पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाबद्दल. त्यात विसंगती शोधू नका.

१५. घरच्यांनी आम्हाला फोन करून निदान सांगितलं, पण कर्मचाऱ्यालाच माहीत नाही. ‘त्याला कळू देऊ नका’ म्हणताहेत.

सगळ्यांत कठीण प्रश्न हाच. तुम्ही ते सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं आणि कुटुंबाचं काम आहे. पण त्या माहितीवर परस्पर निर्णयही घ्यायचे नाहीत. ‘त्याला न कळवता रजेवर पाठवा’ किंवा ‘त्याची रक्कम माझ्या खात्यात भरा’ या विनंत्यांना नम्रपणे नकार द्या. नोकरीचा करार त्या व्यक्तीशी आहे. कुटुंबाला एवढंच सुचवा की विमा, नामनिर्देशन, मृत्युपत्र या गोष्टींवर त्याची सही लागते, आणि ती समजून-उमजून करायची तर त्याला कळायला हवं. कित्येकदा त्याला आधीच कळलेलं असतं आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोच गप्प असतो.

१६. आमचं दुकान पाच माणसांचं आहे. आम्हाला एवढं परवडत नाही.

सहा महिने पूर्ण पगार परवडणार नाही हे मान्य. पण जे परवडतं ते पहिल्याच आठवड्यात, स्पष्ट आकड्यांत सांगा: ‘दोन महिने पूर्ण पगार, पुढे दोन महिने अर्धा, त्यानंतर बसून बघू.’ मोघम ‘काळजी करू नकोस’पेक्षा याचा आधार मोठा असतो, कारण त्यावर घरखर्चाची आखणी करता येते. वेळा सैल करायला, गोपनीयता पाळायला, सरकारी योजनेचा अर्ज भरून द्यायला पैसा लागत नाही.

सहकाऱ्यांनी वर्गणी काढायची ठरवली तर आधी त्या व्यक्तीला विचारा, आणि कुणी किती दिले याची यादी लावू नका.

१७. माणूस कंत्राटदारामार्फत आहे. आमच्या पगारपत्रकावर नाही.

कागदावर नसला तरी दहा वर्षं तुमच्याच दारात उभा आहे. कंत्राटदाराला लेखी सांगा की या माणसाला बदलून नको आहे, आणि विमा-वर्गणी खरोखर भरली जातेय का त्याच्या पावत्या मागा. कामातले बदल (प्रश्न ८) बहुतेक तुमच्याच जागेत करायचे असल्यामुळे त्यासाठी कंत्राटदाराची परवानगीही लागत नाही.

१८. त्यांची बढती ठरलेली होती. द्यावी का?

कमावलेली असेल तर द्या. सहानुभूती म्हणून देऊ नका, आजारामुळे रोखूही नका. नवं काम झेपेल का हा प्रश्न त्यांना विचारा, परस्पर ठरवू नका. पदाबरोबर पगार वाढला तर कुटुंबाला मिळणारे लाभही वाढू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

१९. ते गेले. आता ऑफिसकडून काय काय करायचं?

कुटुंबाशी बोलायला एकच माणूस नेमा, ज्याला ते ओळखतात. शेवटचा पगार, रजेचे पैसे, विम्याचे दावे यांचे अर्ज शक्य तितके तुम्हीच भरून न्या, फक्त सहीची जागा मोकळी ठेवा. टीमला मेलने कळवण्याआधी जवळच्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष सांगा. टेबल त्याच दिवशी रिकामं करू नका, पण महिनोन्‌महिने तसंच ठेवून सगळ्यांना त्याच्या बाजूने जायलाही लावू नका. वस्तू खोक्यात भरून कुरिअरने पाठवू नका. कुणीतरी घेऊन जा.

आयटी विभागाला त्याच आठवड्यात सांगायचं ते वेगळंच: त्यांच्या ईमेलवर येणारं पत्र कुणाकडे जाईल, आधी लावून ठेवलेलं ‘मी लवकरच परत येईन’ हे आपोआप उत्तर कोण काढेल, आणि वाढदिवसाला सगळ्या ऑफिसला शुभेच्छा पाठवणाऱ्या यादीतून त्यांचं नाव कोण कमी करेल.